शून्य, एक, आर

दिवाळी अंकाची शेवटची सोळा पानं लावायची राहिली होती आणि पडद्यावरची फुली गेली होती. १९९९ सालचा ऑक्टोबर, नवरात्र तोंडावर आलेलं. पुण्यात सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात, पहिल्या मजल्यावर दोन खोल्यांचं डीटीपी सेंटर होतं. पेठांमधली अशी आठ-दहा सेंटरं मी तेव्हा सांभाळायचो. प्रिंटर अडला, फाइल उघडेना, फॉन्ट उडाला की माझा फोन वाजायचा. त्या संध्याकाळी सेंटरचे मालक म्हणाले, "अहो, असाल तसे निघा. मशीनला व्हायरस लागलाय. खिडक्यांवर आकडे उमटायला लागलेत."

जाऊन पाहिलं तर खरंच आकडे होते. पानं लावायच्या पेजमेकर या प्रोग्रॅमच्या खिडकीच्या उजव्या कोपऱ्यात वर जी तीन छोटी बटणं असतात, त्यांतल्या पहिल्यावर आडव्या रेघेच्या जागी शून्य, दुसऱ्यावर चौकोनाच्या जागी एक, आणि तिसऱ्यावर, जिथे फुली असते तिथे, इंग्रजी छोटा आर. कडेच्या सरकपट्टीच्या वरच्या टोकाला बाण असतो, तिथे पाचचा आकडा. खालच्या टोकाला सहाचा. प्रिंटची चौकट उघडली तर बरोबरच्या खुणेऐवजी घराघरात एकेक इंग्रजी अक्षर बसलेलं. बाकी सगळं जागच्या जागी. पानं दिसत होती, मराठी मजकूर शाबूत होता, जाहिरातींची चित्रंही शाबूत होती.

ऑपरेटर ताई हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. दुपारपासून लावलेली पानं त्यांनी सेव्ह केलेली नव्हती आणि आता माउसला हात लावायची त्यांची छाती होत नव्हती. "सर, फुलीच्या जागी आर आलाय. दाबला आणि सगळं पुसलं गेलं तर?" ही भीती मला तेव्हाही रास्त वाटली, आजही वाटते. बटणावरची खूण पाहूनच आपण बटण दाबतो. खूण बदलली म्हणजे तिच्यामागचं कामही बदललं असणार, असंच कुणालाही वाटेल. मी त्यांना आधी कंट्रोल आणि एस दाबायला सांगितलं. फाइल सेव्ह झाली. मग त्या आरवर क्लिक केलं. खिडकी रोजच्यासारखी बंद झाली. बटण होतं, त्याचं काम होतं. गेली होती ती फक्त त्याच्या तोंडावरची खूण.

मालकांनी तोवर आणखी एकाला विचारून ठेवलं होतं आणि तिकडून उत्तर आलं होतं, फॉरमॅट मारून टाका. त्या मशीनवर अंकाची दोनशेच्या वर पानं होती. सेंटरमध्ये सीडी रायटर नव्हता आणि एवढा पसारा फ्लॉप्यांवर मावणारा नव्हता. फॉरमॅट मारणं म्हणजे महिनाभराची टायपिंग, प्रुफं आणि दुरुस्त्या पुसून पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात. मी मालकांना म्हटलं, अर्धा तास द्या, मशीनला काहीही झालेलं नाही.

खिडकीवरची फुली आपल्याला चित्र वाटते. ती अक्षर आहे, ही या सगळ्या प्रकरणाची किल्ली.

विंडोजच्या जुन्या आवृत्त्यांत, १९९२ च्या ३.१ पर्यंत, खिडकीवरची बटणं खरोखरच चित्रं होती. ठिपक्यांनी भरलेली, ठरलेल्या मापाची. बंद करायची फुली तेव्हा नव्हतीच. डाव्या कोपऱ्यातल्या खुणेवर दोनदा क्लिक करावं लागे. २४ ऑगस्ट १९९५ ला विंडोज ९५ बाजारात आलं, फुली उजव्या कोपऱ्यात बसली, आणि खिडकीच्या पट्टीवरची बटणं लहान-मोठी करायची सोयही वापरणाऱ्याच्या हातात आली. इथे ठिपक्यांचं चित्र कामाचं नाही. ते मोठं केलं की कडा करवतीसारख्या दातेरी होतात. फॉन्टमधलं अक्षर वेगळ्या रीतीने साठवलेलं असतं. त्याच्या कडेची रेघ कुठून कशी वळते याचं गणित फाइलमध्ये असतं, त्यामुळे ते कितीही वाढवलं तरी कड स्वच्छ राहते. हे ट्रूटाइपचं तंत्र ३.१ पासून रुळलेलं होतंच. मग बटणांच्या खुणांचाच एक फॉन्ट का करू नये?

तो केला गेला. त्याचं नाव मार्लेट. मायक्रोसॉफ्टमधल्या व्हर्जिनिया हाउलेट यांचं काम त्यामागे आहे. पडद्यावर वाचायला सोपा म्हणून १९९६ मध्ये आलेला आणि मॅथ्यू कार्टर यांनी रेखाटलेला व्हर्डाना हा फॉन्टही त्यांच्याच पुढाकाराने झाला. मार्लेटमध्ये वाचायचं असं एकही अक्षर नाही. शून्याच्या घरात मिनिमाइजची रेघ ठेवली आहे. एकच्या घरात मोठं करायचा चौकोन, दोनच्या घरात एकावर एक सरकलेले दोन चौकोन. तीन ते सहा या घरांत डावा, उजवा, वरचा आणि खालचा बाण. छोट्या एसच्या घरात मदतीचं प्रश्नचिन्ह. आणि छोट्या आरच्या घरात फुली.

या फॉन्टमधली एक गोष्ट मला फार आवडते, ती इथे सांगतोच. अनेक पर्यायांतून एक निवडायला जे गोल बटण असतं, ते मार्लेटमध्ये एका अक्षराचं नाही. वर्तुळाची वरची-डावी कड एका अक्षरात आहे, खालची-उजवी कड दुसऱ्या अक्षरात, आतल्या बाजूच्या दोन कडा आणखी दोन अक्षरांत, मधली पांढरी जागा वेगळ्या अक्षरात आणि निवडल्याचा काळा ठिपका त्याहून वेगळ्या. ही सगळी अक्षरं एकाच जागी, एकावर एक, निरनिराळ्या रंगांत उमटतात आणि त्यातून खोलगट, उजेड-सावली असलेलं बटण तयार होतं. ऑफसेटवर निळा, गुलाबी, पिवळा आणि काळा असे चार रंग एकाच कागदावर पाठोपाठ उतरतात, अगदी तसं. छापखान्यात आयुष्य काढलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही.

आता बिघाड. प्रोग्रॅमला फुली हवी असते तेव्हा त्याची मागणी अशी असते : मार्लेट फॉन्टमधलं ११४ क्रमांकाचं अक्षर या जागी काढ. मार्लेट सापडला नाही तर यंत्रणा थांबत नाही. ती हाताशी असलेला जवळचा दुसरा फॉन्ट घेते आणि त्यातलं ११४ क्रमांकाचं अक्षर काढून देते. इंग्रजी फॉन्टमध्ये ११४ म्हणजे छोटा आर. ४८ म्हणजे शून्य, ४९ म्हणजे एक. म्हणून शून्य, एक, आर. कुणी खोड्या केलेल्या नसतात आणि व्हायरसही नसतो. मागणी बरोबर, क्रमांक बरोबर, फक्त ज्या फॉन्टातून वाचायचं तो हरवलेला.

ताईंना हे समजवायला मी पाठकोऱ्या प्रुफावर एक उदाहरण लिहिलं. त्यांनी आधी कृतिदेव या देवनागरी फॉन्टवर काम केलेलं होतं. कृतिदेवमध्ये 'भारत' असं लिहायचं तर कळफलकावर मोठा एच, मग के, पुन्हा के, जे आणि आर अशा कळा दाबाव्या लागतात. फॉन्ट असेल तर 'भारत' दिसतं, नसेल तर तीच पाच इंग्रजी अक्षरं रांगेत उभी राहतात. शेवटचा आर म्हणजे आपला त. तोच ११४ क्रमांक. साध्या इंग्रजी फॉन्टमध्ये आर, कृतिदेवमध्ये त, मार्लेटमध्ये फुली. ताईंनी कागदाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "म्हणजे खिडकीचा फॉन्ट उडालाय!"

इतकं अचूक निदान मी नंतर कुणा इंजिनिअरकडूनही ऐकलं नाही. मराठी डीटीपीतल्या माणसांना ही गोष्ट हाडीमासी ठाऊक होती, कारण आपली सगळी लिपीच तेव्हा अशा उसन्या घरांत राहत होती. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासून स्वतःचे क्रमांक मिळाले, विंडोज २००० मध्ये मंगल हा फॉन्ट आला. पण छापखान्यातलं मराठी त्याआधीही आणि त्यानंतरही कितीतरी वर्षं श्री-लिपी, सी-डॅकचं आयएसएम, आकृती, कृतिदेव अशा पद्धतींवर चाललं. प्रत्येकीने देवनागरीचे आकार इंग्रजी अक्षरांच्या घरांत आपापल्या सोयीने बसवलेले. एका सेंटरवर टाइप केलेला लेख दुसऱ्या सेंटरवर उघडला की पानभर इंग्रजी अक्षरं, टोपी घातलेले स्वर आणि पौंडाच्या खुणा. त्यावर "फॉन्ट पाठवा" एवढाच उपाय असे. लेख हरवलेला नसतो, हे तेव्हा प्रत्येक ऑपरेटरला माहीत होतं. बटणांच्या बाबतीत मात्र तीच माणसं घाबरत, कारण बटणही टाइपच केलेलं असतं हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

मार्लेट गेला कुठे होता? कुठेच नाही. तो फॉन्टच्या फोल्डरात लपवलेल्या अवस्थेत नीट होता. विंडोज ९५ आणि ९८ मध्ये सगळ्या फॉन्टांची यादी रजिस्ट्री या विंडोजच्या नोंदवहीत एकाच नोंदीखाली ठेवलेली असे आणि त्या नोंदीला ६४ केबीची मर्यादा होती. त्या हिशेबाने सुमारे १,००० फॉन्ट झाले की यादी भरली. इंग्रजी पत्रं टाइप करणाऱ्या ऑफिसला ही मर्यादा कधी कळलीही नसेल. डीटीपी सेंटरला ती सहज गाठता येई. मराठीचे दीडदोनशे, इंग्रजीचे शेकडो, चित्रकामाच्या प्रोग्रॅमच्या सीडीवरचे आणखी शेकडो, आणि दिवाळी अंकाच्या जाहिरातींसाठी ग्राहकांनी फ्लॉपीवर आणून दिलेले वेगळे. त्या सेंटरवर आठवडाभर आधी कुणीतरी फॉन्टांची एक पूर्ण सीडी मशीनवर रिकामी केली होती. शिवाय यंत्रणा सगळे फॉन्ट दर वेळी नव्याने वाचत नाही. वाचलेल्याचा सारांश ती विंडोजच्या फोल्डरात टीटीएफकॅश नावाच्या लपवलेल्या फाइलमध्ये लिहून ठेवते. फॉन्टांची भरती होत असताना वीज गेली किंवा मशीन लटकून बंद करावं लागलं की हा सारांश बिघडतो. मग फॉन्ट असूनही नसल्यासारखे.

काम वीस मिनिटांचं होतं. मशीन सुरू होताना एफ ८ दाबून सेफ मोडमध्ये नेलं. आधी त्या सीडीवरचे फॉन्ट काढून टाकले, कारण मूळ गर्दी तशीच ठेवली तर दुखणं चार दिवसांत परत येतं. मग टीटीएफकॅशवरचं लपवणं काढलं आणि ती फाइल पुसली. ही पुसायला भ्यायचं कारण नाही. पुढच्या वेळी मशीन सुरू होताना यंत्रणा ती नव्याने लिहिते. मार्लेटची फाइल विंडोजच्या सीडीवरच्या मूळ फाइलशी मापाने ताडून पाहिली, सारखी होती. नसती तर तिथून काढून आणली असती. मशीन पुन्हा सुरू केलं. रेघ, चौकोन, फुली. ताईंनी पेजमेकर उघडला आणि पुढचं पान लावायला घेतलं. त्या रात्री दीड वाजता शेवटचं ट्रेसिंग निघालं.

त्यानंतरच्या पंचवीस वर्षांत बटणांच्या तक्रारी घेऊन माझ्याकडे शेकडो माणसं आली असतील. तक्रारीचं रूप बदलत गेलं.

२००१ मध्ये विंडोज एक्सपी आलं आणि खिडकीवरची बटणं पुन्हा रंगीत चित्रं झाली. शून्य-एक-आर फक्त जुन्या साध्या रूपात दिसू शकत असे. २०१५ च्या विंडोज १० मध्ये खुणांचा फॉन्ट परत आला, या वेळी सेगो एमडीएल२ ॲसेट्स या नावाने, आणि विंडोज ११ मध्ये सेगो फ्लुएंट आयकॉन्स. एक फरक महत्त्वाचा आहे. मार्लेटच्या खुणा इंग्रजी अक्षरांच्या घरांत होत्या. नव्या फॉन्टांनी खुणा युनिकोडच्या खासगी वापराच्या पट्ट्यात ठेवल्या. त्या पट्ट्यात युनिकोडने ६,४०० जागा कुठल्याही लिपीला न देता मोकळ्या सोडल्या आहेत. ज्याने त्याने आपल्या फॉन्टात तिथे काय हवं ते ठेवावं. फुली आता ई-८-बी-बी या जागी राहते. हे तत्त्वाने शुद्ध आहे, आर हा आरच राहतो. पण फॉन्ट हरवला तर त्या जागी दुसऱ्या बहुतेक फॉन्टांमध्ये काही नसतं आणि तिन्ही बटणांवर एकसारखे रिकामे चौकोन येतात.

मला जुना बिघाड बरा वाटतो. शून्य, एक, आर ही निदान तीन वेगळी चिन्हं होती. मधलं मोठं करायचं आणि शेवटचं बंद करायचं, हे माणूस एका दिवसात शिकला असता. तीन सारख्या रिकाम्या चौकोनांतून काहीच शिकता येत नाही, आणि ज्या प्रोग्रॅममध्ये खुणांचीच वीस बटणं ओळीने लावलेली असतात तिथे तर काम थांबतंच. गूगलचा मटेरियल आयकॉन्स हा फॉन्ट आणखी तिसऱ्या वाटेने जातो. त्यात खुणेचं नाव पूर्ण शब्दांत लिहायचं असतं आणि फॉन्ट त्या शब्दाच्या जागी खूण काढतो. तो मिळाला नाही की बटणावर 'मेन्यू', 'क्लोज', 'ॲरो बॅक' असे इंग्रजी शब्द उघडे पडतात, शेजारच्या बटणावर चढतात, दिसायला विचित्र दिसतं. पण वाचता येतं. माझ्या मते बिघडावं तर असं.

पण सगळीच चूक फॉन्टची असते असंही नाही. एका पतपेढीतून काही वर्षांपूर्वी बोलावणं आलं. सकाळी प्रोग्रॅम ठीक, दुपारी तीन-चारच्या सुमाराला बटणं पांढरी पडू लागत, काही काळी, काहींवरचा शब्द अर्धाच. बंद करून पुन्हा उघडलं की लख्ख. मार्चअखेर असल्याने दिवसातून दोनदा प्रोग्रॅम बंद करायचा, रांगेतल्या खातेदारांना थांबवायचं, पुन्हा सुरू करायचं, असं महिनाभर चाललेलं. कॅशिअर बाईंचा हात त्या काळात एकदाही मोकळा नव्हता. फॉन्टचा बिघाड कधी सकाळ-दुपार पाहत नाही, तो असतो किंवा नसतो. वेळेबरोबर वाढणारा बिघाड म्हणजे काहीतरी साठत चाललंय.

टास्क मॅनेजरमध्ये एक रकाना असतो, जीडीआय ऑब्जेक्ट्स. तो मुळात दाखवलेला नसतो, चालू करावा लागतो. पडद्यावर काही काढायचं तर प्रोग्रॅम यंत्रणेकडून पेन, ब्रश, फॉन्ट अशी अवजारं मागून घेतो आणि काम झालं की परत करतो. एका प्रोग्रॅमला अशी १०,००० अवजारं मिळू शकतात, त्यापुढे यंत्रणा नाही म्हणते. मग बटण काढायला ब्रशच नसतो. मी खुर्ची ओढून कॅशिअर बाईंच्या शेजारी बसलो आणि तो आकडा पाहत राहिलो. दर पावतीमागे तो तीसेकने चढत होता आणि खाली येतच नव्हता. तीनशेच्या पुढे पावत्या गेल्या की बटणं पांढरी पडणार, हे कागदावर मांडून दाखवता आलं. पावती छापणाऱ्या भागात प्रोग्रॅमर घेतलेली अवजारं परत करायला विसरला होता. दुरुस्ती त्यालाच करावी लागली, पण काय दुरुस्त करायचं हे त्याला नेमकं सांगता आलं. त्याआधी पतपेढीला नवं मशीन आणि दुप्पट मेमरी घ्यायला लावलेली होती. त्या पैशाचं मला आजही वाईट वाटतं.

आणि एक बिघाड असा आहे की जो फक्त आपला आहे. तो मला सर्वांत जास्त टोचतो.

विंडोजमध्ये बटणाचं माप पारंपरिक पद्धतीने ठरतं ते अक्षरावरून. चौकटीत जो फॉन्ट असेल त्याच्या सरासरी अक्षराच्या रुंदीचा चौथा भाग हे आडवं एकक आणि उंचीचा आठवा भाग हे उभं एकक. साध्या बटणाला अशी पन्नास आडवी आणि चौदा उभी एककं द्यावीत, हा मायक्रोसॉफ्टचा जुना नियम. तो अंदाज इंग्रजी अक्षर समोर ठेवून केलेला. इंग्रजी शब्दाच्या वर आणि खाली फारसं काही घडत नाही. आपल्याकडे शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार. खाली उकार, रुकार, एकाखाली एक जोडलेली अक्षरं. प्रोग्रॅमचं मराठीकरण करताना शब्द बदलतात, बटणाची उंची कुणी बदलत नाही. मग वरचं छाटलं जातं, खालचं छाटलं जातं.

एका कार्यालयातल्या नोंदणीच्या प्रोग्रॅममध्ये मी हे डोळ्यांनी पाहिलं. शेवटच्या बटणावर 'पूर्ण' असा शब्द होता. वरून रफार गेला, खालून दीर्घ उकार गेला, आणि बटणावर उरलं 'पण'. शेजारचं बटण 'मागे'. त्याची मात्रा जाऊन झालं 'माग'. समोर बसलेल्या आजोबांनी विचारलं, "पण म्हणजे काय? पुढे काय होतं?" त्यांचा प्रश्न अगदी बरोबर होता. बटण दुरुस्त करायला प्रोग्रॅमरला दोन मिनिटं लागली असती. उंचीच्या चौदाचे अठरा करायचे, एवढंच. त्यासाठी आधी कुणीतरी मराठी वाचणाऱ्या माणसाने ती चौकट उघडून पाहायला हवी होती. आपल्या भाषेतला प्रोग्रॅम पुरवल्याचा आनंद मला समजतो; तो छाटलेल्या शब्दांचा असेल तर मला मान्य नाही.

हल्लीचे लॅपटॉप या दुखण्यात भर घालतात. त्यांचा पडदा बारीक ठिपक्यांचा असतो, म्हणून सगळं सव्वापट किंवा दीडपट मोठं दाखवायची व्यवस्था मुळातच चालू असते. इंचाला ९६ ठिपके हे जुनं माप. सव्वापट म्हणजे १२०, दीडपट म्हणजे १४४. जुन्या प्रोग्रॅमना याची कल्पना नसते. त्यांचा मजकूर वाढतो, खिडकी वाढत नाही आणि खालची 'सेव्ह', 'कॅन्सल' ही बटणं कडेबाहेर जातात. प्रोग्रॅमच्या चिन्हावर उजवं क्लिक करून प्रॉपर्टीजमधल्या कंपॅटिबिलिटीच्या पानावर जावं. तिथे मोठेपणाचं काम प्रोग्रॅमकडून काढून यंत्रणेकडे सोपवता येतं. अक्षरं जरा पुसट होतात, पण बटण दिसतं. तेही जमत नसेल तर टॅब दाबत दाबत त्या न दिसणाऱ्या बटणापर्यंत जाऊन एंटर दाबता येतो. कितीतरी अर्ज मी असे भरून दिले आहेत.

बटणावर 'सेव्ह' आणि 'प्रिंट' यांच्यामध्ये अँडची खूण टाकली की ती गायब होऊन पुढच्या अक्षराखाली रेघ येते, हीसुद्धा एक नेहमीची तक्रार. विंडोजमध्ये त्या खुणेचा अर्थ 'पुढचं अक्षर ही शॉर्टकटची कळ' असा आहे. खूणच दाखवायची असेल तर ती दोनदा लिहावी लागते. यात बिघाड काही नाही.

बटण विचित्र दिसलं की मी आधी काय पाहतो, हे मला बरेच जण विचारतात. पहिलं, ते दाबल्यावर काम करतं का. करत असेल तर माहिती सुरक्षित आहे आणि घाई करायचं कारण नाही. मग दुसरा एखादा प्रोग्रॅम उघडून पाहायचा. सगळीकडे तसंच असेल तर दोष यंत्रणेत किंवा फॉन्टमध्ये, एकाच ठिकाणी असेल तर त्या प्रोग्रॅममध्ये. पडद्याचा स्क्रीनशॉट घेऊन तो दुसऱ्या मशीनवर उघडायचा. तिथे बटण नीट दिसलं तर प्रोग्रॅम, फॉन्ट सगळं निर्दोष आहे आणि दुखणं मॉनिटर, केबल किंवा ग्राफिक्स कार्डात आहे. ही एक तपासणी लोकांचे हजारो रुपये वाचवते. नंतर पाहायचं ते बिघाडाचं रूप. आकडे-अक्षरं आली की फॉन्ट बदललाय. सारखे रिकामे चौकोन आले की फॉन्ट मिळालेला नाही. शब्द छाटला गेला की माप चुकलंय. दिवस चढेल तसं वाढलं की काहीतरी परत होत नाहीये. बिघाड दिसतो कसा यातच तो आला कुठून हे बहुतेक वेळा लिहिलेलं असतं, म्हणून काहीही पुसण्याआधी त्याचा फोटो काढून ठेवावा. फॉरमॅट मारल्यावर तो पुरावा जातो, आणि पतपेढीसारखी गोष्ट असेल तर दुखणं तसंच राहतं.

प्रोग्रॅम लिहिणाऱ्या मराठी मुलामुलींना माझं एक मागणं आहे. खुणेबरोबर शब्द ठेवा. नुसती खूण असलेल्या बटणाला आतून नावही दिलेलं नसेल तर एनव्हीडीएसारखा पडदावाचक वापरणाऱ्या दृष्टिहीन माणसाला त्या जागी फक्त 'बटण' एवढं ऐकू येतं. पुढच्या बटणावर 'बटण', त्याच्या पुढच्यावर पुन्हा 'बटण'. फॉन्ट एकदाही न उडता तो माणूस रोजच त्या तीन रिकाम्या चौकोनांसमोर बसलेला असतो. नाव द्यायला एक ओळ लागते. आणि बटणावर मराठी शब्द टाकलात की 'पूर्ण' हा शब्द त्यात बसवून पाहा. रफार आणि उकार दोन्ही दिसले तर उंची पुरेशी आहे.

सदाशिव पेठेतलं ते सेंटर आता नाही, वाडाही पाडला. मार्लेट मात्र विंडोज ११ मध्येही आहे. घरी वर्ड असेल तर उघडा. इंग्रजी छोटा आर टाइप करा, तो निवडा, फॉन्टच्या चौकटीत मार्लेट हे नाव इंग्रजीत लिहून एंटर दाबा. फुली दिसेल.